साथीच्या काळातील दवाखाना : जाण्याची जोखीम आणि न जाण्याची जोखीम

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेत आठवणींचे, ऋणनिर्देशाचे आणि गौरवाचे लेख विपुल असतील आणि ते असायलाच हवेत. संपादक मंडळाने आमच्याकडे अभ्यासपर लेखाची मागणी केली, तेव्हा इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही एखादा ऐतिहासिक विषय घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही निवडलेला विषयही इतिहासाचाच आहे. मात्र हा इतिहास अगदी अलीकडचा आहे आणि त्यात आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांनी तो एक पाठ म्हणून वाचावा, ही विनंती.

१. एका दूरध्वनीची नोंद

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. नागपुरातील पहिला रुग्णही त्याच दिवशी आढळला. काही दिवसांतच शाळा बंद झाल्या, आमचे वसतिगृह रिकामे झाले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षी १४ एप्रिलची जयंती आपण सर्वांनी घरीच साजरी केली. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवरील सोहळाही झाला नाही. १९५६ पासून ज्या भूमीने लाखोंचा समुदाय पाहिला, ती त्या दिवशी शांत होती.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यातील ही गोष्ट. आमच्या शाळेत आठवीत शिकणारी एक विद्यार्थिनी उमरेडपलीकडच्या एका खेड्यात आपल्या घरी होती. ती सिकलसेलग्रस्त होती. शाळा सुरू असताना आमच्यापैकी कोणीतरी दर महिन्याला तिला नागपूरच्या शासकीय रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे आपल्या बोलीत ‘ओपीडीत’, नेत असे आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन येत असे. टाळेबंदीत हा क्रम तुटला. तिच्या वडिलांनी दूरध्वनी करून विचारले, “सर, पोरीच्या गोळ्या संपल्या. नागपूरला दवाखान्यात नेऊ का?” आम्ही उत्तर दिले, “सध्या नेऊ नका. तिथे गर्दीत कोरोना लागेल. थोडे दिवस थांबा.”

वडील थांबले. शिक्षकाचा शब्द म्हणून थांबले. सप्टेंबरमध्ये, शहरातील पहिली लाट शिखरावर असताना, मुलीला ताप आला, हातापायांत असह्य वेदना सुरू झाल्या आणि पुढे छातीत दुखून श्वास लागू लागला. तालुक्याहून नागपूरला पाठवल्यावर खाट मिळेपर्यंत एक रात्र रुग्णवाहिकेत आणि व्हरांड्यात गेली. रक्त चढवावे लागले. ती वाचली. आज ती महाविद्यालयात शिकते. तिच्या आणि तिच्या पालकांच्या संमतीने, नाव न देता, आम्ही हे लिहीत आहोत. ज्या गर्दीपासून तिला दूर ठेवावे म्हणून आम्ही सल्ला दिला होता, त्याच गर्दीत ती अधिक वाईट अवस्थेत, अधिक वाईट वेळी पोहोचली.

आमचा हेतू चांगला होता. परंतु आमच्याकडे ज्ञान नव्हते. त्या दिवशी आमच्यापुढे दोन जोखमी होत्या आणि आम्ही त्यांपैकी एकच मोजली. या लेखात त्या दोन्ही मोजण्याचा प्रयत्न आहे.

२. रुग्णालयाचे भय जुनेच आहे

साथीत लोक आजारापेक्षा रुग्णालयाला अधिक भितात, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची नोंद झाली. सक्तीने रुग्ण हलवले जाऊ लागले आणि रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली. ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. कोविडच्या काळात आपल्यावर लागू झालेला कायदा तो हाच.

त्याच प्लेगमध्ये पुण्याजवळ दुसरे एक उदाहरण घडले. माता सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर, हडपसर परिसरातील सासाणे मळ्यात, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याजवळच्या महारवस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

या प्रसंगाकडे आपण त्यागाचा प्रसंग म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, ही कल्पना पॉल-लुई सिमाँ या शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांडली. ती सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. म्हणजे सावित्रीबाईंच्या हयातीत रोग कसा लागतो, हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते. त्यांच्याजवळ करुणा होती, ज्ञान त्या काळाजवळच नव्हते. आपल्या काळाजवळ ज्ञान आहे. ते न वापरता केवळ धैर्याने रुग्णसेवा करणे किंवा केवळ भीतीने घरी बसणे, या दोन्ही गोष्टींना आज सबब उरलेली नाही.

३. ओपीडीत संसर्ग कसा होतो

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाची सकाळ ज्याने पाहिली आहे, त्याला वर्णनाची गरज नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीबरोबरच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट येथूनही रुग्ण येतात. रुग्णाबरोबर एखादा तरी नातेवाईक असतोच. केसपेपरची रांग, डॉक्टरांच्या दाराशी रांग, रक्ततपासणीची रांग आणि शेवटी औषधाच्या खिडकीची रांग, अशा चार रांगा एका भेटीत होतात. डॉक्टरांसमोर पाच-दहा मिनिटे जातात; उरलेले तास इतर रुग्णांच्या सहवासात जातात. त्यामुळे ओपीडीतील संसर्गाचा प्रश्न हा मुख्यतः प्रतीक्षेचा प्रश्न आहे.

बाजारातील गर्दी आणि ओपीडीतील गर्दी यांत दोन फरक आहेत. पहिला असा की, ओपीडीत आजारी माणसेच एकत्र येतात. त्यामुळे संसर्ग असलेली व्यक्ती तेथे असण्याची शक्यता अधिक. दुसरा असा की, तेथे येणाऱ्यांत मधुमेही, मूत्रपिंडविकारी, कर्करोगी, गरोदर माता आणि सिकलसेलग्रस्त मुले असतात. संसर्ग झाल्यास त्यांना तो अधिक भारी पडतो.

श्वसनमार्गाचे रोगजंतू तीन वाटांनी पसरतात. खोकताना-शिंकताना उडणारे मोठे थेंब साधारण मीटर-दोन मीटरच्या आत खाली पडतात. बोलताना व श्वास सोडताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण मात्र बंद खोलीच्या हवेत बराच काळ तरंगत राहतात. तिसरी वाट हातांची. कोविडमध्ये ती तुलनेने लहान ठरली, परंतु अतिसार आणि डोळे येण्यासारख्या साथींत ती मोठी असते. १९८१ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातून गोवर पसरला. तेव्हा असे आढळले की, लागण झालेल्या मुलांपैकी एक मूल, ज्याच्यापासून गोवर पसरला तो रुग्ण निघून गेल्यानंतर तासाभराने तेथे आले होते. माणूस गेला तरी त्याच्या श्वासाने दूषित झालेली हवा बंद खोलीत मागे राहिली होती.

कोविडबाबत आणखी एक अडचण होती. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकत होता. म्हणूनच दारावर कपाळाशी तापमापक धरून सगळेच संसर्गित ओळखले जातील, ही समजूत अपुरी होती. मुखपट्टी सर्वांनीच लावावी, या नियमामागे हेच कारण होते.

४. व्यवस्था बदलली की जोखीम बदलते

२००३ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात सार्स हा आजार पोहोचला. हाँगकाँगहून परतलेल्या एका वृद्धेचा घरी मृत्यू झाला. त्यानंतर तिचा मुलगा आजारी पडून ७ मार्च रोजी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेला. खाट रिकामी नसल्याने तो रात्रभर इतर रुग्णांच्या शेजारी, केवळ पडद्याच्या आडोशाने पडून राहिला. शेजारच्या रुग्णांना लागण झाली आणि तेथून साखळी वाढत गेली. त्या प्रांतात एकूण ३७५ रुग्णांची नोंद होऊन ४४ जण मृत्युमुखी पडले. बहुसंख्य लागण आरोग्यसेवेच्या ठिकाणीच झाली होती.

२०१५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेऊल शहरात मर्स या आजाराचे असेच झाले. एका मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीने भरलेल्या तातडीच्या विभागात मे महिन्याचे तीन दिवस काढलेल्या एकाच रुग्णापासून ८२ जणांना लागण झाली. त्यांत ३३ रुग्ण, ८ कर्मचारी आणि ४१ भेटीला किंवा सोबतीला आलेले लोक होते. सोबतीला आलेल्यांचा आकडा रुग्णांहून मोठा आहे. एका रुग्णाबरोबर चौघांनी जाण्याची आपली पद्धत आपुलकीची खरी, परंतु साथीत ती सर्वांनाच महाग पडते.

आता याच्या उलट बाजू पाहू. २०२० च्या वसंतात अमेरिकेच्या बोस्टन परिसरात कोविड जोरात होता. तेथील चार रुग्णालयांतील सुमारे ३ हजार बाळंतिणींचा अभ्यास झाला. गरोदरपणात तपासणीसाठी वारंवार जावेच लागते. मग ज्यांच्या फेऱ्या अधिक झाल्या, त्यांना लागण अधिक झाली काय? उत्तर नकारार्थी आले. लागण झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या सरासरी फेऱ्या जवळपास सारख्याच, तीनच्या आसपास होत्या. तेथे मुखपट्टीची सक्ती होती, येणाऱ्यांची चौकशी होत होती आणि सोबतच्या माणसांवर मर्यादा होती. बोस्टनची ओपीडी म्हणजे नागपूरची ओपीडी नव्हे, हे खरे. गर्दीचे प्रमाणच वेगळे आहे. परंतु रुग्णालयात पाऊल ठेवताच संसर्ग अटळ आहे, ही आमची जुलै २०२० मधील समजूत त्या अभ्यासापुढे टिकत नाही.

हे सर्व श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असेही म्हणता येणार नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाच्या लिमा शहरात आठ रुग्णालयांच्या सत्तर खोल्यांत हवा किती खेळती आहे, हे मोजण्यात आले. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्या की खोलीतील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठी शिफारस होती १२ वेळांची. त्यातही १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या. आपल्याकडच्या जुन्या शासकीय इमारतींचे रुंद व्हरांडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी याचा विचार करावा. वातानुकूलित, बंद, चकचकीत खासगी प्रतीक्षालयापेक्षा असा व्हरांडा साथीत अधिक सुरक्षित असू शकतो.

५. न जाण्याची किंमत

दुसरी जोखीम डोळ्यांना दिसत नाही, कारण ती घराघरांत विखुरलेली असते. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. २०१९ मध्ये देशात क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती; २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षयरोग काही एका वर्षात एक चतुर्थांशाने घटला नव्हता. रुग्ण होते, ते तपासणीपर्यंत पोहोचले नव्हते. घरी खोकत राहिले आणि घरच्यांना लागण देत राहिले.

विदर्भात हाच प्रश्न सिकलसेलच्या रूपाने आपल्या दाराशी येतो. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ल आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आदिवासी समाजांप्रमाणेच आपल्या समाजातही हा आजार लक्षणीय प्रमाणात आहे, हे तेव्हापासून अनेक पाहण्यांतून दिसले आहे. हा कोणत्याही पूर्वकर्माचा भोग नव्हे. ज्या प्रदेशांत मलेरियाचा जोर होता, तेथे सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळे. म्हणून तो जनुक टिकला. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी अंतर्विवाह हे जातीचे मर्म असल्याचे दाखवले होते. त्या अंतर्विवाहाच्या कुंपणामुळे असे जनुक त्याच त्या समूहात फिरत राहतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वी रक्ततपासणी करा, हा आग्रह आम्ही प्रत्येक पालकसभेत धरतो, तो यासाठी.

सिकलसेलग्रस्त मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. त्यातून वेदनांचे झटके येतात. प्लीहा बालपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे काही जिवाणूंशी लढण्याची शक्ती घटते. म्हणून या मुलाला गर्दीतील संसर्गाचे भय इतरांपेक्षा अधिक असते. परंतु हायड्रॉक्सियुरियासारखे औषध रोज घ्यावे लागते आणि ते घेताना ठरावीक काळाने रक्ततपासणीही करावी लागते; म्हणून ओपीडीची गरजही त्याला इतरांपेक्षा अधिक असते. आमच्या विद्यार्थिनीबाबत आम्ही यांतील पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरलो.

मधला मार्ग त्या वेळीही उपलब्ध होता, हे नंतर कळले. दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, प्रसिद्ध झाली होती. ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारी शासकीय सेवा १३ एप्रिलला सुरू झाली. १४ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अत्यावश्यक आरोग्यसेवा सुरू ठेवण्याविषयी सूचना काढल्या. वडिलांचा दूरध्वनी आला तो जुलैमध्ये. तीन महिने उलटले होते आणि आम्ही शिक्षक असूनही यातील काहीही वाचलेले नव्हते.

६. अंतर आणि विटाळ

आणखी एका शब्दाचा विचार आम्हाला आवश्यक वाटतो. साथीत ‘सामाजिक अंतर’ हा शब्द सर्वत्र रूढ झाला. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने त्याऐवजी ‘शारीरिक अंतर’ असा शब्द वापरण्यास सुरुवात केली, कारण माणसांमधील आपुलकी तुटावी असा हेतू नव्हता. ज्यांच्या पूर्वजांनी सामाजिक अंतर पिढ्यान् पिढ्या भोगले, त्यांना या दोन शब्दांतील फरक शिकवावा लागत नाही.

विटाळ जन्मावरून ठरे आणि मरेपर्यंत सुटत नसे; त्याला पुरावा लागत नसे. संसर्गाचे अंतर पुराव्यावरून ठरते, सर्वांना सारखेच लागू होते आणि काही दिवसांनी संपते. हा फरक विसरला की साथीत पुन्हा विटाळच सुरू होतो. रुग्ण सापडलेल्या वस्तीचे नाव घेऊन बोट दाखवले जाते, परिचारिकेला घर सोडायला सांगितले जाते, बरा होऊन परतलेल्या माणसाशी शेजारी बोलत नाहीत. अशा बदनामीच्या भीतीने लोक लक्षणे लपवतात आणि लक्षणे लपवलेला रुग्णच ओपीडीच्या रांगेत सर्वांत धोकादायक ठरतो.

७. पुढच्या साथीसाठी

शाळा पुन्हा भरल्यानंतर आम्ही काही नियम ठरवले. ते पालकांनाही उपयोगी पडतील, म्हणून येथे देतो.

(१) दीर्घ आजार असलेल्या प्रत्येक मुलाची आरोग्य वही असावी. तीत निदान, औषधाचे नाव व मात्रा, रक्तगट, लसीकरण आणि शेवटच्या तपासणीची तारीख असावी. औषध संपण्यापूर्वी पंधरा दिवस आधी हालचाल करावी.

(२) साथ सुरू होताच डॉक्टरांना विचारून औषध एकदम अधिक काळाचे घ्यावे. नेहमीचा सल्ला ई-संजीवनीवर किंवा दूरध्वनीवर मिळत असेल तर तो घ्यावा. आशा कार्यकर्ती व जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे चौकशी करावी.

(३) जावेच लागले तर रुग्णाबरोबर एकच सुदृढ व्यक्ती जावी. रुग्णाने मोकळ्या जागेत बसावे आणि रांगेत सोबत्याने उभे राहावे. आम्ही आता मुलाला बाहेर झाडाखाली बसवतो आणि नाव पुकारल्यावरच आत नेतो.

(४) मुखपट्टी नाक व तोंड दोन्ही झाकणारी असावी आणि बोलताना ती खाली ओढू नये. आत शक्यतो उघड्या खिडकीजवळ थांबावे. बाहेर आल्यावर व जेवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

(५) ताप-खोकला असल्यास केसपेपरच्या खिडकीवरच सांगावे आणि वेगळी बसण्याची जागा मागावी. हे लपवणे म्हणजे शेजारच्याला धोक्यात घालणे होय.

(६) सिकलसेलग्रस्त मुलाला १०१ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे, अचानक पांढरेपणा, पोटाच्या डाव्या बाजूला फुगणे, हात-पाय वा तोंडाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही झाले, तर कितीही मोठी साथ असली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे. येथे दूरध्वनीवर सल्ला घेत बसू नये आणि कोणी थांबायला सांगितले तर ऐकू नये, मग तो सांगणारा शिक्षक का असेना.

यांतील काही गोष्टी कुटुंबाच्या हातात आहेत, काही नाहीत. रुंद प्रतीक्षालय, ताप-खोकल्याच्या रुग्णांसाठी वेगळे दार, ठरावीक वेळेच्या चिठ्ठ्या, जिल्ह्या-तालुक्यात मिळणारी औषधे ही शासनाची जबाबदारी आहे. लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये म्हटले आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून २०४७ चे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. उमरेडपलीकडच्या खेड्यातील मुलीला गोळ्यांसाठी नागपूरची रांग लावावी लागू नये, ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे.

समारोप

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. त्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणण्यास सांगितले, दोघांनी त्याला स्वतः धुतले आणि उचलून शय्येवर ठेवले. नंतर त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलावून, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील, असे विचारले आणि रुग्णाची काळजी कोणी घ्यावी याचे नियम घालून दिले. करुणेने आरंभ झाला आणि शेवट व्यवस्थेत झाला.

आमची शाळा ही देखील एक लहानशी व्यवस्था आहे. येथील मुले आपल्या घरापासून दूर राहतात; त्यांचे पालक आमच्या शब्दावर विसंबतात. जुलै २०२० मधील त्या दूरध्वनीला आज आम्ही वेगळे उत्तर देऊ : “थांबू नका. उद्या सकाळी लवकर निघा, एकानेच सोबत या, मुखपट्टी लावा. आम्ही फाटकाशी उभे राहतो. रांग आम्ही लावतो, पोरीला झाडाखाली बसवा.” हे उत्तर देता येण्यासाठी जे शिकावे लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांच्या स्वाधीन करीत आहोत.

जय भीम!